एम्प्रेसचा भोंगा, मिहानची शिफ्ट

वर्धा रोडवर सोमलवाडा मागे पडला की नागपूर संपायचं. सत्तरच्या दशकात पुढे नुसतं रान होतं. सोनेगावचा तलाव, चिंचभुवन, खापरीचं रेल्वे फाटक, दोन्ही अंगांना तूर, ज्वारी, पऱ्हाटी आणि मधूनच एखादा संत्र्याचा बगिचा. सुटीच्या दिवशी आम्ही वस्तीतले पोट्टे भाड्याच्या सायकली काढून विमान पाहायला निघायचो आणि विमानतळाच्या तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे राहायचो. विमानं मोजकीच असत. कधी सगळी दुपार जायची आणि एकही उतरायचं नाही. मग तलावात पाय बुडवून आम्ही घरी परतायचो.

घरी आजा विचारायचा, "काय रे, दिसलं का इमान?" नाही म्हटलं की म्हणायचा, "दिवसा काय दिसनार बाबू? रातच्या बारा वाजता पाहा लागते."

त्याचं म्हणणं खरं होतं. ३० जानेवारी १९४९ पासून देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि तिचं मधलं ठाणं होतं सोनेगाव. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली चार विमानं मध्यरात्री इथे उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती चारही शहरांत पोचायची. नागपूर झोपलेलं असताना देशाची पत्रं आमच्या शिवारात हात बदलत होती.

आता त्याच शिवारात मिहान आहे. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि विमानतळाला लागून चार हजारांवर हेक्टरांचा हा प्रकल्प उभा राहू लागला. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची संकुलं आली. विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारं एअर इंडियाचं केंद्र आलं, विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले, दहेगावला आयआयएम आलं, एम्स आलं. खापरीच्या फाटकावर तासभर खोळंबणारी माणसं आता खापरी स्टेशनवरून मेट्रोने जातात. आणि ज्या कुंपणापाशी आम्ही उभे राहायचो, त्या विमानतळाला २००५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे.

हे नाव इथे शोभतं, कारण बाबासाहेबांचं आणि या धावपट्टीचं नातं खरोखरीचं आहे. ११ ऑक्टोबर १९५६ ला ते पत्नी माईसाहेब आणि सचिव नानकचंद रत्तू यांच्यासह दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. मुक्काम सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात होता. १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या सकाळी, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर, म्हणजे आजच्या दीक्षाभूमीवर, त्यांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि लगेच समोरच्या लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञांसह ती दिली. माझा आजा त्या समुदायात होता. बाजारात पांढरं कापड उरलं नव्हतं, म्हणून शेजारणींनी जुनी लुगडी नीळ घालून पांढरीशुभ्र केली होती, हे तो दरवर्षी दसऱ्याला सांगायचा. पुढे दोन महिनेही उलटले नाहीत आणि ६ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांचं पार्थिव घेऊन निघालेलं विमान नागपूरमार्गे मुंबईला गेलं. त्या रात्री वस्त्याच्या वस्त्या अंधारात सोनेगावची वाट चालत होत्या, एवढं सांगून आजा थांबायचा. त्यापुढचं त्याने आम्हाला कधीच सांगितलं नाही.

आजा एम्प्रेस मिलमध्ये होता. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेल्या या मिलवर नागपूरची कितीतरी घरं चालायची. भोंगा झाला की वस्ती उठायची. दुसरा भोंगा झाला की बाया डब्यात भाकर बांधायच्या. आमच्याकडे घड्याळ नव्हतं, पण वेळ कधी चुकली नाही. नागपूरची आंबेडकरी चळवळ समजून घ्यायची तर या भोंग्यापासून सुरुवात करायला हवी. नागपूरचा दलित माणूस शेताच्या बांधावरून उठून मिलच्या खात्यात आला, बिडीच्या सुपाशी बसला, रेल्वेच्या धक्क्यावर ओझी उचलू लागला आणि त्याच्या हातात पगार म्हणून पहिल्यांदा रोख पैसा आला. त्या पैशातून वर्गण्या निघाल्या, शाळा निघाल्या, छापखाने निघाले. किसन फागुजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मुलींच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं होतं. जाईबाई चौधरी स्वतः हमालीची ओझी वाहत शिकल्या आणि पुढे त्यांनी मुलींसाठी संत चोखामेळा कन्या पाठशाळा चालवली. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून गेले आणि 'जय भीम' हे अभिवादन त्यांनीच रूढ केलं. १९३९ साली वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. आज दिवसातून शंभरदा 'जय भीम' म्हणणाऱ्या किती पोरांना हे नाव ठाऊक आहे, असा प्रश्न मला पडतो आणि अस्वस्थ करतो.

ही चळवळ इथे रुजलेली होती, म्हणूनच बाबासाहेब नागपूरला पुन्हा पुन्हा आले. १९२० च्या मे महिन्यात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बहिष्कृत परिषदेला आले. १९३० च्या ऑगस्टमध्ये अखिल भारतीय दलित काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून बोलले. १९४२ च्या जुलैत मोहन पार्कवर परिषद झाली आणि तिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच परिषदेच्या शेवटच्या दिवशी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो स्त्रिया वेगळ्या जमल्या होत्या. समाज किती पुढे गेला, हे आपण त्यातल्या स्त्रिया किती पुढे गेल्या यावरून मोजतो, असं बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं. त्या सभेत बिडी वळणाऱ्या, मिलमध्ये बॉबिन भरणाऱ्या, शेण-गोवऱ्या विकणाऱ्या बाया होत्या. आज रात्री दहाला इंदोरा, बेझनबाग, नारी रोडवर एकेक गाडी थांबते आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली एकेक मुलगी मिहानच्या शिफ्टला निघते. अमेरिकेतल्या कुठल्या तरी बँकेचा हिशेब ती रात्रभर सांभाळणार असते. तिच्या पणजीने मोहन पार्कवर ते भाषण उभ्याने ऐकलेलं असू शकतं. हा बदल लहान नाही, आणि तो कुणी दानात दिलेला नाही.

त्याच १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या आयुष्यातली ही चार वर्षं आपल्या भाषणांतून, मिरवणुकांतून आणि बॅनरांवरून जवळजवळ गायबच असतात. संविधान येतं, चवदार तळं येतं, दीक्षाभूमी येते, आणि यायलाच हवी. पण १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी जे केलं, ते माझ्या आज्याच्या अंगाला रोज लागत होतं. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास काम घेता येत असे. बाबासाहेबांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये ते ४८ वर आले. हे सहा तास म्हणजे काय, हे आज्याकडून ऐकावं. संध्याकाळी वस्तीच्या वाचनालयात बसायला, पोरांना पाढे म्हणायला लावायला, समता सैनिक दलाच्या कवायतीला जायला त्याला वेळ मिळाला तो या सहा तासांतून. खाणीत काम करणाऱ्या बायांच्या प्रसूतीलाभाच्या कायद्यात १९४३ साली सुधारणा झाली. आपल्याच जिल्ह्यात कामठी-सिल्लेवाड्याचा कोळसा आणि मनसर-कांद्रीचं मँगेनीज आहे, तिथल्या बायांना या सुधारणेचं मोल सांगायची गरज नव्हती. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषदही त्यांनीच रुजवली.

आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज! माझ्या पिढीच्या माणसाला तो शब्द ऐकला की रांग आठवते. मॅट्रिक झालं की पहिलं काम म्हणजे तिथे नाव नोंदवणं. ते पिवळट कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याजवळ ठेवलेलं असायचं आणि नूतनीकरणाची तारीख आई कॅलेंडरवर लिहून ठेवायची. वर्षानुवर्षे बोलावणं येत नसे, हे खरंच. पण नोकरीसाठी कुणाच्या ओळखीची, कुणाच्या जातीची, कुणाच्या मेहरबानीची गरज नाही, सरकारी वहीत माझंही नाव क्रमाने आहे, ही भावना त्या कार्डाने दिली होती. ही केंद्रं उभी राहिली तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. फार उशिरा वाचनात आलं. आज मिहानमधल्या बऱ्याच नोकऱ्या पोर्टलवरून किंवा ठेकेदाराच्या माणसाकडून मिळतात. ठेकेदाराच्या वहीत क्रम नसतो, आणि आडनाव विचारलं जातं का, हे ज्यांना विचारलं जातं त्यांनाच कळतं.

माझ्या शेजारच्या घरातली एक मुलगी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. हुशार पोरगी. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, संविधानाची उद्देशिका तोंडपाठ. शिफ्ट संपल्यावरही फोन चालूच असतो, सुटीच्या दिवशी मांडीवर लॅपटॉप असतो. एकदा मी तिला म्हटलं, "बेटा, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास हा आकडा बाबासाहेबांनी आणला, माहीत आहे का?" ती म्हणाली, "काका, आमच्याकडे तास मोजत नाहीत." हे ऐकून मला माझा आजा आठवला. तो निरक्षर होता, पण तास मोजायचा. भोंगा झाला की मशीन सोडायचा आणि सुपरवायझरला सांगायचा की साहेबांनी कायदा केला आहे. आजच्या पोरीकडे पदवी आहे, पगार आहे, वातानुकूलित जागा आहे, पण आज्याच्या हातातलं ते वाक्य तिच्याकडे पोचलेलं नाही. ते पोचवायचं काम आमच्या पिढीचं होतं.

हा प्रश्न जुना झाला असं कुणी म्हणू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतले दिवसाचे कमाल तास ९ वरून १२ करण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली असल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे आज वाद ज्या आकड्याभोवती फिरतो आहे, तो आकडा १९४६ चाच आहे.

मिहानच्या जमिनीकडे पाहिलं की मला बाबासाहेबांचा आणखी एक लेख आठवतो. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक अर्थशास्त्रीय निबंध लिहिला. शेतीचं दुखणं तुकडे लहान असण्यात नाही, एवढ्याशा जमिनीवर फार माणसं पोट भरतात यात आहे, आणि त्यावर इलाज उद्योगधंदे वाढवण्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतीतून उठलेल्या माणसाला काम देणारा उद्योग त्यांना हवा होता. त्या अर्थाने खापरी-दहेगावच्या तुरीच्या वावरात उभे राहिलेले कारखाने त्यांच्या विचाराच्या विरोधात नाहीत. कसोटी वेगळीच आहे. वावर ज्याचं गेलं, त्याच्या घरात कारखान्याचा पगार आला का? शिवणगावच्या लोकांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले. जिथे आम्ही शेतमालकाला विचारून हुरडा खायचो, तिथल्या कुटुंबांतली काही पोरं आज त्याच जमिनीवर सुरक्षारक्षकाचा गणवेश घालून फाटकाशी उभी असतात. इंजिनिअर झालेलीही आहेत, त्यांचा आनंद मला आहे. पण बाबासाहेबांच्या नावाच्या विमानतळाशेजारी हा हिशेब अर्धवट राहावा, हे मला पटत नाही.

नाव देणं सोपं असतं, वाचणं अवघड. या बाबतीत फिलिपिन्सकडे पाहण्यासारखं आहे. तिथला राष्ट्रनायक होसे रिझाल. १८६१ साली कालांबा गावी जन्मला. त्याचं घराणं धर्मगुरूंच्या मालकीच्या जमिनी खंडाने कसायचं आणि पुढे त्यांना त्या जमिनीवरून हुसकून लावलं गेलं. रिझाल युरोपात शिकला, डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि स्पॅनिश राजवटीचं खरं रूप दाखवणाऱ्या दोन कादंबऱ्या लिहिल्या, पहिली १८८७ मध्ये, दुसरी १८९१ मध्ये. मायदेशी परतल्यावर सरकारने त्याला दापितानला नजरकैदेत ठेवलं. तिथे त्याने रोगी तपासले, पोरांना शिकवलं, गावाला पाणी आणलं. ३० डिसेंबर १८९६ ला मनिलात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय ३५. आमच्या बाबू हरदासांचंही तेच वय. त्याचे पुतळे तिथे गावोगाव आहेत, पण तो देश पुतळ्यांवर थांबला नाही. १९५६ च्या जूनमध्ये त्यांनी कायदा केला की शाळा-महाविद्यालयांत रिझालचं चरित्र आणि त्याच्या दोन्ही कादंबऱ्या शिकवल्याच पाहिजेत. चर्चने जोरदार विरोध केला, तरी कायदा झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली. परकी विद्या घेऊन मायदेशी परतलेली, लेखणीने सत्तेला हादरवणारी ही दोन माणसं. मला हेवा वाटतो तो त्या वाचनाच्या कायद्याचा.

आमच्याकडे बाबासाहेबांचं लेखन जपलं गेलं ते नागपूरच्याच एका माणसामुळे. वसंत मून इथल्या वस्तीत वाढले. बाबासाहेबांची विखुरलेली हस्तलिखितं, टिपणं, भाषणं त्यांनी आयुष्यभर गोळा केली. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेचा पहिला खंड १९७९ मध्ये आला तो त्यांच्या संपादनाखाली. पण त्याच मालिकेच्या छपाईची अशी आबाळ झाली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्याचं नाव विमानतळाला, त्याचे खंड छापायला न्यायालयाने सांगावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

दीक्षाभूमीवर मात्र वाचनाची भूक मी लहानपणापासून पाहत आलो. तेव्हा स्तूप नव्हता, मोकळं मैदान होतं. विजयादशमीच्या आधी दोन दिवस वाशीम, अकोला, नांदेड, परभणीकडची माणसं अजनी स्टेशनवर उतरायची आणि डोक्यावर बोचकं घेऊन पायी यायची. शाळांच्या व्हरांड्यात झोपायची, घरून बांधून आणलेली भाकर-चटणी खायची. आमची आई मोठ्या गंजात वरण शिजवायची आणि आम्ही पोरं ते वाढायला धावायचो. परतताना त्या माणसांच्या बोचक्यात एक फोटो आणि एक पुस्तक हमखास असायचं. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या नातवासाठी पुस्तक विकत घ्यायच्या आणि दुकानदाराकडून त्याचं नाव दोनदा वदवून घ्यायच्या. १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी स्तूपाचं उद्घाटन केलं. आता गर्दी कितीतरी वाढली, जेवणाचे मंडप वाढले, ध्वनिक्षेपकही वाढले. पुस्तकांच्या रांगा मात्र आजही लागतात आणि ट्रकभर पुस्तकं दोन-तीन दिवसांत विकली जातात. नागपूरची ही परंपरा मला देशातल्या कुठल्याही पुस्तक महोत्सवापेक्षा मोठी वाटते.

एम्प्रेस मिल शेवटी बंद पडली. २००२ साली भोंगा कायमचा थांबला आणि तिथे आता मॉल आहे. आजा त्याआधीच गेला. मिल बंद झाली म्हणून मी रडत बसणार नाही, कारण तिथली धूळ त्याच्या छातीत शेवटपर्यंत होती आणि आपल्या नातवंडांनी त्या खात्यात जावं असं त्याला कधी वाटलं नाही. मिहान त्याला आवडलं असतं. पोरी रात्री एकट्या गाडीने कामावर जातात आणि सकाळी पगार कमावून परत येतात, हे पाहून तो सुखावला असता. त्याने फक्त एकच विचारलं असतं, "तास किती?"

माझं मिहानमधल्या तरुण मंडळींना, विशेषतः वस्त्यांतून तिथवर पोचलेल्यांना, एक सांगणं आहे. विजयादशमीला आणि १४ एप्रिलला तुम्ही येताच. पण वर्षातल्या एखाद्या साध्या रविवारी, गर्दी नसताना, शासकीय ग्रंथागारात जा आणि बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या मालिकेतला दहावा खंड मागा. १९४२ ते १९४६ मधलं त्यांचं मजूरमंत्री म्हणून केलेलं सगळं काम त्यात आहे. नसेल तर लेखी मागणी करा आणि पोच घ्या. मिळाला की आपल्या टीममधल्या चौघांना बरोबर घेऊन वाचा, आणि नंतर आपल्या नेमणूकपत्रात कामाचे तास किती लिहिले आहेत, तेही एकदा पाहा.